सावली दोन दिशांना का पडली?

पत्र: “मी सांगलीचा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. रविवारी सकाळी बाहेर बसून जलरंगात काम करायचं म्हणून आम्ही काही जणांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. तीस-पस्तीस जण होतो तेव्हा खरंच बोलणं व्हायचं. आता चारशेच्या वर सदस्य आहेत. दिवसाला पन्नास चित्रं येतात आणि प्रत्येकाखाली ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’, ‘वाह सर’, फुलं आणि जोडलेले हात. मागच्या महिन्यात एका ताईंनी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं चित्र टाकलं. एका तरुण मुलाने खाली लिहिलं, ‘सावल्या दोन दिशांना पडल्यात. बेसिक चुकलंय.’ त्यावर चाळीसेक मेसेज आले, निम्मे त्याच्यावर तुटून पडणारे. ताई ग्रुपमधून बाहेर पडल्या. तो अजून आहे, पण त्या दिवसापासून त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही. ग्रुप बंद करावा असं वाटतं. की ‘अप्रतिम’ लिहायलाच बंदी घालू?” – एक वैतागलेला अ‍ॅडमिन

सर,

बंदी घालू नका आणि ग्रुपही बंद करू नका. बंदीने एवढंच होईल की ‘अप्रतिम’च्या जागी ‘शब्दच नाहीत’ येईल, आणि मग तुम्हाला खरंच शब्द सापडणार नाहीत.

थोडा हिशेब करा. एका चित्राकडे नीट बघायला तीन मिनिटं धरली, तर पन्नास चित्रांना दीडशे मिनिटं होतात. रोजचे अडीच तास. चारशेतल्या एकालाही ते जमणार नाही. म्हणजे तुमच्या ग्रुपमधलं ‘अप्रतिम’ हे चित्राबद्दलचं मत नाहीच. ती पोचपावती आहे: तुमचं चित्र मिळालं, मी हजर आहे. शिवाय त्यात आहेराचा व्यवहार असतो. तुम्ही माझ्या चित्राला फूल दिलंत, आता तुमच्या चित्राला मी द्यायला हवं, नाहीतर वाईट दिसेल. या व्यवहाराला नाक मुरडण्याचं कारण नाही. साठीनंतर घरातल्या एका टेबलावर एकट्याने रंग काढून बसणाऱ्या माणसाला ती पोचपावती लागते, आणि ती मिळते म्हणून तो उद्याही ब्रश धुऊन ठेवतो. फक्त आहेराच्या वहीत कुणी साडीच्या पोताची चिकित्सा लिहीत नाही. त्या मुलाने नेमकी तिथेच लिहिली.

तेव्हा मोठा ग्रुप आहे तसा राहू द्या. ते तुमचं प्रदर्शनाचं दालन. तिथे एकच विनंती करा: ‘छान’, ‘वाह’ हा मेसेज टाइप करण्याऐवजी चित्राच्या मेसेजवर बोट दाबून धरून इमोजीची प्रतिक्रिया द्यावी. पोच तेवढीच पोचते आणि चित्रं मेसेजांच्या ढिगाखाली जात नाहीत. चर्चेसाठी मात्र वेगळी खोली, म्हणजे दुसरा छोटा ग्रुप लागेल.

पण आधी त्या पुलाच्या चित्राकडे येऊ, कारण तुमच्या ग्रुपचं सगळं दुखणं त्या एका कॉमेंटमध्ये आहे.

सांगलीत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि सांगली साधारण 74.6 अंशांवर. फरक जवळजवळ 8 अंशांचा, अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 32 मिनिटं. वर्षभरात यात पंधरा-सोळा मिनिटं इकडेतिकडे होतात, तेवढं सोडा. आता एखादी व्यक्ती पावणेअकराला घाटावर बसली आणि दीडला उठली, तर बसताना सावल्या एका अंगाला होत्या आणि उठताना दुसऱ्या. जलरंगात कामाचा क्रमही ठरलेला असतो. आधी आकाश आणि पाण्याचे मोठे वॉश, म्हणजे पातळ रंगाचे हात, ते वाळले की पुलाचा दगड आणि कमानी, आणि माणसं, छत्र्या, होड्या सगळ्यात शेवटी. म्हणजे कमानींच्या सावल्या सव्वाअकराच्या आणि माणसांच्या सावल्या दीडच्या. ताईंचं चित्र समोर बसून केलेलं असेल तर दोन दिशांच्या सावल्यांचं हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. तसं असेल तर त्यांनी जे दिसलं ते दोन्ही वेळा प्रामाणिकपणे काढलं. चूक निरीक्षणाची नाही, घड्याळाची.

आणि हे ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या उपयोगाचं होतं. बाहेर बसल्यावर पहिल्या वीस मिनिटांतच सगळ्या सावल्यांचे आकार पेन्सिलीने बंद करून टाकावेत. कागदाच्या कडेला उन्हाच्या दिशेचा बाण काढून खाली वेळ लिहावी. फोनवर एक फोटो काढून ठेवावा, आणि नंतर आलेली माणसं त्या पहिल्या बाणाप्रमाणे उजळावीत, समोर कशीही दिसोत. दोन तासांहून जास्त लागणार असतील तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत यावं. एवढं सगळं त्या एका निरीक्षणातून निघालं असतं. निघालं नाही, कारण त्याने प्रश्न न विचारता निकाल दिला, आणि तो चारशे लोकांसमोर दिला. ‘बेसिक चुकलंय’ हे दोन शब्द चित्राबद्दल नाहीतच, ते ताईंबद्दल आहेत. तेच त्याने असं लिहिलं असतं तर: “कमानींवरून ऊन उजवीकडून येतंय असं वाटतं, पण घाटावरच्या छत्रीवाल्याची सावलीही उजवीकडेच पडलीय. किती वाजता बसला होतात?” निरीक्षण तेवढंच धारदार आहे, यात गोड बोलणं कुठेच नाही. पण याला उत्तर देता येतं. ‘बेसिक चुकलंय’ला उत्तर देता येत नाही, एकतर मान खाली घालायची किंवा भांडायचं.

आता वेगळी खोली. माणसं बारा, जास्त नकोत. याचं कारण साधा गुणाकार आहे. आठवड्याला एकच चित्र चर्चेला घ्यायचं, तर बारा जणांत प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांनी येते. वीस जण घेतले तर पाच महिन्यांनी, आणि पाच महिने दुसऱ्यांच्या चित्रांवर लिहीत बसायला कुणी तयार नसतं. आठवड्याला दोन चित्रं घेऊन वीस जण सामावण्याचा मोह होईल, पण मग कुठल्याच चित्रावर कुणी पुरेसं थांबत नाही आणि महिन्याभरात तुम्ही परत दालनात पोचता. हे बारा जण कोण, हे हुशारीवर ठरवू नका. मोठ्या ग्रुपवर एक मेसेज टाका: “आठवड्याला एका चित्रावर किमान चार ओळी लिहायची तयारी असेल तर मला खासगीत कळवा. पहिले बारा.” परस्पर कुणालाही अ‍ॅड करू नका. वेबच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 साली ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण एकाचंच असतं. तुमच्या चारशेंत तसे भार उचलणारे चारच निघतील. म्हणून ‘लोक बोलतच नाहीत’ याचं वाईट वाटून घेऊ नका. जे स्वतःहून हात वर करतात त्यांनाच खोलीत घ्या.

वेळ कमी ठेवू नका. ‘शनिवारी रात्री आठ ते नऊ चर्चा’ असं बरेच ग्रुप ठरवतात. तो तास भराभर टाइप करणाऱ्यांचा असतो, आणि त्याच तासाला निम्म्या घरांत पोळ्या चालू असतात. गुरुवारी रात्री चित्र टाका, रविवारी रात्री नऊला बंद. तीन दिवस मिळाले की माणूस चित्र सकाळच्या चहाबरोबर एकदा बघतो, संध्याकाळी परत बघतो, आणि दुसऱ्यांदा बघितल्यावर जे सुचतं तेच लिहिण्याजोगं असतं. उरलेले चार दिवस ग्रुपच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवायची मुभा फक्त अ‍ॅडमिनला ठेवा. गुड मॉर्निंग आपोआप थांबतं आणि कुणाला रागवावं लागत नाही.

आता चित्राचा फोटो, कारण निम्मे वाद फोटोवरूनच होतात. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत कागद हिरवट किंवा पिवळट होतो आणि लोक ‘रंग मळलेत’ म्हणतात. मूळ चित्रात ते मळलेले नसतात. चित्र खिडकीशी, पण थेट उन्हात नाही, भिंतीला उभं टेकवा. फोन चित्राला समांतर धरा. जवळून काढलं की कडा फुगतात, म्हणून मीटरभर मागे सरकून दोनपट झूमने काढा. चित्राबाहेरचा एखादा बोट रुंदीचा कोरा पांढरा कागद फ्रेममध्ये राहू द्या, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की फोटोतला पांढरा किती पांढरा आहे. फिल्टर नाही, ‘ऑटो एन्हान्स’ नाही. आणि पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं, आणि जलरंगात सगळ्यात आधी मरतात ते फिकट वॉशमधले बारीक फरक आणि ड्राय ब्रशचा, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढलेल्या रंगाचा, कागदाच्या पोतावरचा खडबडीतपणा. म्हणजे नेमकं ज्यावर बोलायचं तेच. एचडी निवडलं तर फरक पडतो, पण डॉक्युमेंट फाइल जशीच्या तशी जाते. फक्त एक सांभाळा. तशा फाइलमध्ये फोटो कुठे काढला तेही जाऊ शकतं, म्हणून कॅमेऱ्यातलं लोकेशन आधी बंद करायला सांगा.

चित्रासोबत चार गोष्टी लिहाव्यात: आकार (पूर्ण शीटचा क्वार्टर की हाफ), कागद (किती जीएसएम, म्हणजे किती वजनाचा, आणि सेल्युलोज की कॉटन), समोर बसून केलं की फोटोवरून, आणि फोटोवरून असेल तर फोटो कुणाचा. या शेवटच्या गोष्टीबद्दल कडक राहा. दुसऱ्याच्या फोटोवरून किंवा दुसऱ्या चित्रकाराच्या चित्रावरून सराव करण्यात काही वावगं नाही, पण ते न सांगता टाकलं आणि तिसऱ्याने मूळ शोधून काढलं की चर्चा संपते आणि पंचायत सुरू होते. एआयने बनवलेल्या संदर्भालाही तोच नियम लावा. शंका टाळायची असेल तर अर्धवट अवस्थेतला एक फोटो सोबत मागा. शिकण्यासाठीही तो पुऱ्या चित्रापेक्षा जास्त कामाचा असतो.

आणि पाचवी गोष्ट, जिच्यावर सगळं उभं आहे: चित्रकाराचा एक प्रश्न. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न नाही, ते आहेराचं आमंत्रण आहे. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर चित्राकडे परत बघितल्याशिवाय देताच येणार नाही. ‘डावीकडची होडी काढून टाकली तर काय बिघडेल?’ ‘लांबची झाडी लांबच वाटते की पुलाला चिकटलीय?’ ‘नजर आधी कुठे जाते? मला ती तिसऱ्या कमानीवर न्यायची होती.’ ज्याला प्रश्न सुचत नाही त्याला फोन करून विचारा की हे चित्र करताना कुठे अडलात. अडल्याची जागा प्रत्येकाला माहीत असते. प्रश्न नसेल तर चित्र त्या आठवड्यात घेऊच नका, पुढचा माणूस घ्या. हा नियम तुम्ही स्वतः मोडलात की संपलं.

तीन दिवसांचा क्रम कसा लावायचा? अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990 साली कलाकृतीवर बोलण्याची एक चार पायऱ्यांची रीत बसवली. आधी बघणाऱ्यांनी काय ठसलं ते सांगायचं, मग कलाकाराने प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी मताचा वास नसलेले प्रश्न विचारायचे, आणि मत सगळ्यात शेवटी, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. ती नाचासाठी जन्मली, पण चित्राला चांगली बसते. तुमच्या ग्रुपात ती अशी उतरवा. शुक्रवारी फक्त दिसतं ते लिहायचं, बरं-वाईट नाही, आणि चित्रकाराने गप्प बसायचं. त्याचं गप्प बसणं महत्त्वाचं आहे. त्याने ‘मला इथे संध्याकाळची उदासी दाखवायची होती’ असं लिहिलं की पुढच्या अकरा जणांना उदासीच दिसते. शनिवारी त्याच्या प्रश्नाला उत्तरं, आणि त्याला उलट प्रश्न. रविवारी मतं, आणि संध्याकाळी चित्रकाराचं म्हणणं. रविवारी सकाळी तुम्ही घाटावर एकत्र बसताच, तेव्हा तीच चर्चा चार जणांत तोंडी होईल. होऊ द्या, पण जे निघेल ते कुणीतरी ग्रुपवर लिहा.

शुक्रवारचा दिवस लोकांना बालिश वाटेल. ‘दिसतं ते काय लिहायचं, दिसतंयच की!’ पहिल्याच आठवड्यात कळेल की दिसत नसतं. एकाला पाणी शांत दिसतं, दुसऱ्याला पुराचं. एकाला तिसरी कमान आधी दिसते, दुसऱ्याला कोपऱ्यातली लाल साडी. चित्रकाराला याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही मिळत नाही, आणि यात कुणी दुखावलंही जात नाही.

जागा कशी दाखवायची याची एक युक्ती सगळ्यांना सांगून ठेवा. फोनच्या डायलवर 1 ते 9 आकडे असतात, तसे चित्राचे मनात नऊ भाग पाडा. ‘6 मध्ये, कडेला’ म्हटलं की सगळ्यांना उजवीकडची मधली कड कळते. कुणाच्या चित्राचा फोटो घेऊन त्यावर लाल रेघा ओढून परत टाकणं मात्र पूर्ण बंद. वर्गात तुम्ही मुलांच्या कागदावर स्वतः पेन्सिल फिरवलीच असेल आणि त्याचं कुणाला काही वाटलं नसेल. इथे ते चालत नाही, कारण तो कागद तुमच्यासमोरच राहत नाही, बारा फोनांत फिरतो. चित्रकाराने मागितलं तर खासगीत पाठवा.

मत लिहिताना जागा, तिथे दिसलेली गोष्ट आणि तिचा बघणाऱ्यावर झालेला परिणाम, एवढं आलं की पुरे. सल्ला शेवटी, आणि तो नसला तरी चालतो. उदाहरणार्थ, ‘पाणी जमलं नाही’ याचं असं होऊ शकतं: “8 मध्ये कमानीखालचा अंधार आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब सारखंच गडद आहे, त्यामुळे दगड कुठे संपतो आणि पाणी कुठे लागतं ते मला शोधावं लागलं.” हे वाचून दुसरं कुणीतरी लिहील की पाण्यात गडद वस्तूचं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा जरा उजळ पडतं आणि उजळ वस्तूचं जरा गडद, आणि चर्चा आपोआप रंगकामावर येईल. टोनबद्दल, म्हणजे गडद-उजळपणाबद्दल, वाद झाला तर वाद घालत बसू नका. फोनवर फोटोतल्या रंगांची तीव्रता (सॅच्युरेशन) शून्यावर आणून कृष्णधवल करा आणि ते चित्र चर्चेत टाका. दोन मिनिटांत निकाल लागतो. डोळे बारीक करून बघायचा जुना उपाय आहेच.

‘रंग मळलेत’ ही जलरंगातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निरुपयोगी टीका. मळण्याची कारणं वेगवेगळी असतात. पहिला हात वाळायच्या आत दुसरा फिरवला की खालचा उचलला जाऊन मिसळतो. एकाच वॉशमध्ये चार-पाच रंगद्रव्यं गेली की करडा चिखल होतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा ब्रश घासला की कागदाचा पृष्ठभाग उठतो, आणि हे स्वस्त सेल्युलोज कागदावर लवकर होतं. ओलसर वॉशला जास्त पाण्याचा ब्रश टेकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी फुटकी कड येते, तो तर मळणं नव्हेच, पण लोक तेच म्हणतात. म्हणून ‘मळलेत’ लिहिणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: दुसरा हात दिलात तेव्हा कागद चमकत होता, की चमक जाऊन नुसता गार लागत होता, की पूर्ण वाळला होता? याचं उत्तर आलं की उपाय सांगावा लागत नाही.

पहिले तीन आठवडे मात्र ग्रुपमधल्या कुणाचंच चित्र घेऊ नका. सावळाराम हळदणकरांपासून सुरुवात करा. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे, आणि ‘राजा रविवर्मा यांची अजरामर कलाकृती’ म्हणून ते फॉरवर्ड होऊन तुमच्या ग्रुपवर एकदा तरी आलंच असेल. रविवर्मा गेले 1906 साली. हे चित्र 1945-46 मधलं. तिथूनच बोलणं सुरू होईल. मग विचारा: दिव्यासमोर आडवा धरलेल्या हाताच्या बोटांतून उजेड कुठे लाल दिसतो आणि कुठे पिवळा? चित्रातली सगळ्यात गडद जागा उजेडाच्या किती जवळ आहे? कागद कोरा कुठे सोडला असेल? दुसऱ्या आठवड्याला जवळचेच घ्या, आबालाल रहिमान, कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाच्या काठची त्यांची चित्रं. गेलेल्या चित्रकाराचा अपमान होत नाही आणि त्याला परतीचा आहेरही करावा लागत नाही. लोकांची लिहायची सवय त्यावर घासून घ्या. तिसऱ्या आठवड्याला कुणाचं, ते त्यांना ठरवू द्या.

चौथ्या आठवड्यात स्वतःचं चित्र टाका. चांगलं नको, बिघडलेलं. तुम्ही सर आहात हीच या खोलीतली सगळ्यात मोठी अडचण आहे. बारांतले पाच-सहा तुमचे विद्यार्थी असतील. सरांनी शुक्रवारी सकाळी पहिली ओळ लिहिली की उरलेल्या अकरा ओळी ‘सरांशी सहमत’ येतात. म्हणून दुसऱ्यांच्या चित्रांवर तुम्ही सगळ्यात शेवटी लिहायचं, रविवारी दुपारनंतर. आणि स्वतःच्या बिघडलेल्या चित्राबद्दल एखाद्या विद्यार्थ्याने काही वर्मी बसणारं लिहिलं, तर त्याला उत्तर म्हणून एकच ओळ लिहा: ‘हे मला दिसलं नव्हतं.’ त्या ओळीनंतर मुलं तुमच्यासमोर बोलायला लागतील.

सूत्रधाराचं, म्हणजे चर्चा चालवणाऱ्याचं, काम वेगळं. गुरुवारी रात्री तीन जणांना नावाने, खासगीत कळवा: ‘उद्या सकाळी तुमच्या चार ओळी हव्यात.’ ‘सगळ्यांनी व्यक्त व्हावं’ या सार्वजनिक आवाहनाने कुणीच व्यक्त होत नाही. कुणी आडवळणाला गेलं, म्हणजे कला की कारागिरी, हल्लीची पिढी, गॅलरीवाले, राजकारण, तर त्याला गप्प करू नका. ‘हे मोठ्या ग्रुपवर बोलू, इथे 4 मधल्या झाडाचं बाकी आहे’ एवढं पुरतं. रविवारी रात्री आठ-दहा ओळींचं सार लिहून चित्रासकट एका फाइलमध्ये जमा करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं चार दिवसांत वर सरकून नाहीसं होतं. मग तोच सावल्यांचा मुद्दा वर्षात पाचदा येतो आणि जुन्यांना कंटाळा येतो. ग्रुप मरण्याचं हे मोठं कारण आहे, पण त्याची तक्रार कुणी करत नाही, नुसते लिहायचे थांबतात. या सगळ्याला आठवड्याचे तीन-चार तास जातात. ते एकट्याने वर्षभर उचलू नका, दर चार आठवड्यांनी सूत्रधार बदला. गणपतीत, दिवाळीत सुट्टी आधीच जाहीर करा. जाहीर केलेल्या सुट्टीनंतर लोक परत येतात, आपोआप पडलेल्या खंडानंतर येत नाहीत.

बारांतले पाच जण नियमित लिहीत असतील तर खोली उत्तम चाललीय असं समजा. सहाव्या-सातव्या आठवड्यात मरगळ येईल, तेच ते मुद्दे आणि तीच ती माणसं. तेव्हा एखाद्या आठवड्याला सगळ्यांनी एकाच जागेचं, एकाच वेळेचं छोटं चित्र करून टाकायचं, आणि चर्चा फक्त फरकांवर. जो माणूस सतत लिहितो आणि सतत तोच तो दोष काढतो, त्याला सूत्रधार करून टाका. सूत्रधाराला मत द्यायचं नसतं.

राहिले ते दोघे. ताईंना मेसेज नको, फोन करा. ‘मनावर घेऊ नका’ म्हणू नका, घेतलंय त्यांनी. ‘तो लहान आहे’ही नको, म्हणजे त्याचं निरीक्षण खोटं होतं असा अर्थ निघतो. सरळ विचारा: “ताई, पुलाचं चित्र किती वाजता सुरू केलं होतंत?” त्यांनी अकराच्या आसपासची वेळ सांगितली तर साडेबाराच्या सूर्याचं गणित सांगा. त्यांना ते नक्की आवडेल, कारण ते त्यांच्या डोळ्यांच्या बाजूने आहे. फोटोवरून केलं होतं असं निघालं, तर तेही बोलण्याजोगं आहे: फोटो एका वेळचा, मग माणसं कुठून आली? त्या मुलालाही फोन करा. तो बरोबर होता, हे जे तुम्ही कुणाला सांगू शकला नाहीत, ते आधी त्याला सांगा. मग ‘बेसिक चुकलंय’ हे दोन शब्द काढून तीच ओळ त्याच्याकडून परत लिहून घ्या. दोघांनाही बारांत यायचं आमंत्रण द्या. ताई नाही म्हणाल्या तर एकदाच विचारून सोडून द्या. हो म्हणाल्या तर त्यांची पाळी पाचव्या आठवड्याला लावा, तुमच्या बिघडलेल्या चित्रानंतर लगेच.